शिबिर-वृत्तांतातला ‘आम्ही’

महाविद्यालयीन वार्षिकांकांकडे आपली समीक्षा ढुंकूनही पाहत नाही. कथा-कवितांच्या मागे आणि बक्षीस समारंभाच्या छायाचित्रांच्या आधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा वृत्तांत छापलेला असतो. तो संपादकसुद्धा वाचत नसावेत. तरीही एक वाङ्मयप्रकार म्हणून तो वाचला पाहिजे, असे मला वाटते. पांढरपेशा मनाला खेडे कसे दिसते आणि त्या खेड्यातला आपला वाडा कसा दिसतच नाही, हे इतक्या निःसंकोचपणे दुसरीकडे कुठे व्यक्त होत नाही.

मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळा हल्ली मुलांना ‘सेवे’साठी परदेशी नेतात. तिथल्या एखाद्या दरिद्री गावात दोन आठवडे भिंत बांधायची, मुलांना चार इंग्रजी गाणी शिकवायची, परत यायचे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविकेत तर सेवा हा सक्तीचाच भाग आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मुलाच्या वाट्याला अशी सहल आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. भिंती बांधायला इथली माणसे पुण्या-मुंबईला जातात, पण त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. इथल्या विद्यार्थ्याला मिळते ते सात दिवसांचे शिबिर. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही योजना. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक निवासी शिबिर. प्रवास दहा-वीस कोसांचा, पण भाषा त्या परदेशी सहलीचीच. ‘आम्ही’ गाव स्वच्छ केले, ‘आम्ही’ ग्रामस्थांत जागृती केली, निरोप घेताना ‘आमचे’ डोळे पाणावले. कर्ता सदैव आम्ही, गाव सदैव कर्म. मराठीच्या प्राध्यापकांना हा प्रयोग खटकत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या तो शुद्ध आहे.

१९६८ साली मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर बजावले, की आमचे भले करायला येऊ नका. हे भाषण आपले अभ्यासक कौतुकाने सांगतात. पण त्याच्या ३६ वर्षे आधीचा घरचा दस्तऐवज त्यांना आठवत नाही. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, पोर्ट सैदहून बाबासाहेबांनी अमृतलाल ठक्करांना पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या त्या संस्थेने, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाने, करावे काय, हा त्याचा विषय. काही निवडक व्यक्तींना सद्गुणी बनवण्याचे काम त्यांना नको होते. विहीर, शाळा, चावडी येथील नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम उघडा आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पत्राची साधी पोचही आली नाही, हे त्यांनी १९४५ च्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. सेवेचा कर्ता कोण, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. त्याला उत्तर न देताच सेवा पुढे चालू राहिली.

‘श्रमदान’ हा शब्दच पाहा. ज्याचे श्रम त्याच्या मालकीचे असतात तोच ते दान करू शकतो. मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, लाकडे फोडणे हे आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, त्याला कोणी दान म्हटले नाही. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते; राबवून घेण्याची रीत मात्र इकडेही ओळखीचीच होती. त्यांचेच नातू आज शिबिरात झाडू हाती घेतात तेव्हा त्याला संस्कार म्हणायचे!

झाडूला माझा विरोध नाही. ज्यांचे नाव इथल्या विद्यापीठाला दिले आहे त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर झाडूच चालवला. पण सकाळी गाव झाडणारा हा माणूस रात्री कीर्तनात त्याच गावाला कर्ज, नवस, बोकड आणि पोरांची शाळा यांवरून उभे-आडवे प्रश्न विचारी. शिबिराने झाडू तेवढा उचलला. रात्री आता ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असतो.

इतक्या वर्षांत एकच वृत्तांत मला निराळा वाटला. लिहिणारी मुलगी आपल्या समाजाची होती आणि शिबिर नेमके तिच्याच गावात पडले होते. तिसऱ्या दिवशी स्वच्छतेची तुकडी बौद्धवाड्यात आली. ती स्वतःच्या दारासमोर खराटा घेऊन उभी आणि आई उंबऱ्यात. बरोबरची मुले आईला ‘मावशी’ म्हणत सर्वेक्षणाचा फॉर्म वाचून विचारू लागली: घरात संडास आहे का? वापरता का? मुले किती शिकली? हिचे अक्षर चांगले, म्हणून उत्तरे लिहून घ्यायचे काम हिच्याकडे आले. आईची उत्तरे तिने खाली मान घालून लिहून घेतली. शेवटच्या प्रश्नाला आई एवढेच म्हणाली, ‘लिवून घेते तिलेच विचारा.’

या एका परिच्छेदात ‘आम्ही’ हा शब्द कुठेही नाही. वाक्ये तुटक आहेत, शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिले आहे. आपल्या आत्मकथनांनी मराठी गद्याला जे दिले त्याच्याशी याचे नाते आहे. पाहणारा आणि पाहिला जाणारा इथे एकाच घरातले आहेत. कर्ता आणि कर्म यांची सोयीची फाळणी या लेखनात टिकत नाही.

अंकात तो परिच्छेद आला नाही. ‘विस्तारभयास्तव’ गाळला. बाकीचा मजकूर, ‘आम्ही गाव स्वच्छ केले’ धरून, तिच्या नावावर छापला गेला. त्या संपादक मंडळात मीही होतो आणि मुद्रित मी तपासले होते. हस्तलिखिताचे ते पान माझ्याकडे आहे. ते तिला परत देऊन, तिची हरकत नसेल तर पुढच्या अंकात जसेच्या तसे, खाडाखोडीसकट छापावे, असे मी मंडळाला लेखी कळवले आहे.