न मागितलेला तिसरा भाग

आमच्या धर्मग्रामातील एका व्हायोलिनवादक मुलीने २०२३ साली अमेरिकेतील चार संगीत विद्यालयांत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केले. त्या तयारीचे सात-आठ महिने आम्ही जवळून पाहिले. पाहिले म्हणण्यापेक्षा ऐकले म्हणणे अधिक योग्य. कारण धाकट्या भावाची बारावी असल्याने घरी सराव अशक्य झाला होता आणि ती रोज संध्याकाळी आमच्या शाळेच्या रिकाम्या वर्गात येत असे. तो वर्ग आमच्या निवासाच्या खिडकीसमोरच आहे. तिच्या कौतुकाचे वृत्त लिहावे हा येथे हेतू नाही. तिने निवडलेल्या रचना, परीक्षक त्या ज्या रीतीने मागतात ती रीत, आणि त्या सिद्ध करताना आपण कोठे चुकतो, यांविषयी लिहावे असे मनात आहे. चुकणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम मागणी काय असते ते पाहू. व्हायोलिनसाठी बहुतेक विद्यालयांची यादी थोड्याफार फरकाने सारखी असते. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांपैकी एकीतील भिन्न प्रकृतीचे दोन भाग, एखाद्या मोठ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग, आणि पागानिनीचे एखादे काप्रिस किंवा तशीच कौशल्य दाखवणारी दुसरी रचना. साधारणतः डिसेंबरच्या आरंभापर्यंत यांतील काही भागांचे चित्रमुद्रण पाठवावे लागते आणि त्यात काटछाट चालत नाही. ते पसंतीस उतरले तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान परीक्षकांपुढे प्रत्यक्ष वादन होते. वेळ दहा-पंधरा मिनिटे. परीक्षक मधूनच आरंभ करावयास सांगतात, वाटेल तेथे थांबवतात. थांबवले म्हणजे नापसंत झाले असे नव्हे. पण समोर उभ्या असलेल्या मुलीला तसे वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या मुलांना परीक्षा ठाऊक आहेत त्या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा. त्यांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फार मोठे काम केले आहे. त्यांच्याविना आपल्या गायकवृंदांना स्वरलेखन वाचणारे ऑर्गनवादक मिळाले नसते. पण त्या परीक्षेत ठरलेले गुण मिळाले की शंभरजण बसले तरी शंभरजण उत्तीर्ण होतात. येथे तसे नाही. पुढे बसलेल्या प्राध्यापकाजवळ त्या वर्षी दोन किंवा तीन जागा असतात, आणि पुढची दोन वर्षे आपण कोणाबरोबर काम करू शकू याचा शोध तो घेत असतो. आपली मुले मात्र गुण जमवायला जावे तशी जातात. चूक न होणे हेच त्यांच्या तयारीचे ध्येय होऊन बसते.

याला आपला इतिहासही थोडा कारण आहे. गोव्याच्या पॅरिश शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी भाकरी मिळवली. तेथे समोर ठेवलेला कागद पहिल्याच वाचनात बिनचूक वाजवणारा तो खरा वादक. अँथनी गोन्सालविस यांच्यासारखा एखादाच त्यापलीकडे पाहणारा निघाला. त्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९६५ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून ते सिराक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर अमेरिकेस गेले. बाकीच्या घरांत व्हायोलिन म्हणजे पोट भरण्याचे साधन, आणि ते साधन न चुकता चालले पाहिजे, ही समजूत अजून टिकून आहे. तिला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटी लिहिणाऱ्या आम्हांला नाही.

आता बाखकडे येऊ. या मुलीने जी मायनरमधील पहिला सोनाता घेतला. सहाही रचनांचे बाखच्या हातचे सुवाच्य हस्तलिखित उपलब्ध आहे आणि त्यावर १७२० हे वर्ष आहे. सहांपैकी तीन पार्तिता म्हणजे नृत्यांच्या माळा. तीन सोनाता मात्र इटलीत ज्याला 'चर्चचा सोनाता' म्हणत त्या घाटाचे आहेत. संथ, जलद, पुन्हा संथ, पुन्हा जलद असे त्याचे चार भाग. सतराव्या शतकात इटलीतील चर्चमध्ये मिस्साच्या वेळी अशी वाद्यरचना वाजवली जात असे. "फादर, हा चर्चसाठीच लिहिला होता का?" असे त्या मुलीने आम्हांला विचारले तेव्हा होय म्हणण्याचा मोह झाला; पण ते खरे नव्हे. बाख त्या वेळी क्योथेनच्या राजपुत्राच्या सेवेत होता. तो दरबार कॅल्विनपंथी, आणि त्याच्या उपासनेत अशा संगीताला फारसा वाव नव्हता. चर्चचा घाट होता, चर्च मात्र नव्हते.

या सोनाताचा पहिला भाग आदाज्यो. एरवी वादकाने आपल्या मनाने घालावयाची अलंकरणे येथे बाखने स्वतःच लिहून ठेवली आहेत. त्यामुळे कागद दाट दिसतो आणि तो मोजून मोजून वाजवला की वादन निर्जीव होते. दुसरा भाग ९४ मापांचा फ्यूग. एकाच स्वरावरील आघातांनी त्याची कल्पना उघडते, आणि मग तीच कल्पना एकामागून एक निरनिराळे आवाज उचलतात. चार तारांच्या वाद्यावर, ज्याचा गज एका वेळी फार तर दोनच तारा धरून ठेवू शकतो, अनेक आवाजांचा संवाद लिहिणे हे धाडस आहे. बाकीचे आवाज वादकाने मनात धरावयाचे आणि श्रोत्याच्या कानाने पूर्ण करावयाचे असतात. याच फ्यूगचे ऑर्गनसाठीचे रूपांतरही आहे. ते आम्ही सेमिनरीत असताना अडखळत वाजवले होते. पण ऑर्गनवर सगळे आवाज आयतेच टिकतात आणि ही गंमत हरवते.

परीक्षेला हेच दोन भाग पुरतात. संथ आणि जलद, म्हणजे 'भिन्न प्रकृतीचे दोन'. तिसरा भाग सिसिलियाना. तो कोणी मागत नाही असे नाही, पण सहसा कोणी देत नाही. बाकीचे तिन्ही भाग मायनरमध्ये आणि हा एकटा बी फ्लॅट मेजरमध्ये. डोलणारी लय, मेंढपाळांच्या गाण्याची आठवण देणारी. खालच्या तारेवर एक आवाज काही बोलतो आणि वरचे दोन आवाज मिळून त्याला उत्तर देतात. त्यात कौशल्याचा झगमगाट नाही. परीक्षेच्या हिशोबाने त्याचा उपयोग शून्य.

आम्ही तो हिशोब केला. जुलै महिन्यात ती आठवडाभर सिसिलियानाच वाजवीत असल्याचे आम्हांला ऐकू आले आणि आम्ही तिला म्हणालो, "जे मागितलेले नाही त्यावर वेळ का घालवतेस? फ्यूग अजून कच्चा आहे." धर्मगुरूचा शब्द म्हणून तिच्या आईने तो अंतिमच मानला आणि सिसिलियाना बंद झाली. चौथ्या दिवशी तिच्या शिक्षिका आमच्या निवासावर आल्या. बसल्याही नाहीत. "फादर, रविवारच्या प्रवचनासाठी तुम्ही नेमून दिलेल्या चार ओळीच वाचता, की अख्खा अध्याय?" एवढेच त्यांनी विचारले. आम्ही रविवारी मुलीच्या आईला गाठून आपला शब्द मागे घेतला. तसे करण्याचे प्रसंग आमच्या आयुष्यात फार आलेले नाहीत.

त्यानंतर फ्यूगमध्ये जो बदल झाला तो आम्ही खिडकीतून ऐकला. आधी ती तीन-चार स्वरांची गाठ कुऱ्हाडीने लाकूड फोडावे तशी फोडत असे. वरचा स्वर कडाडे आणि खालचा त्याच्या धक्क्यात मरून जाई. सिसिलियानात खालचा आवाज म्हणजे एक निराळी व्यक्ती आहे हे तिला उमगले होते. परत आल्यावर फ्यूगमधील खालच्या आवाजाला तिने श्वास घेऊ दिला. वेग किंचित उतरला, पण रचना उभी राहिली. सबंध सोनाता एका देहासारखा आहे आणि परीक्षेच्या यादीने त्याचा अर्धा भाग कापून मागितला, तरी शिकणाऱ्याने तो कापून शिकू नये, हे त्या शिक्षिकेला ठाऊक होते. यादीला आम्ही दोष देत नाही. दहा मिनिटांत परीक्षक आणखी किती ऐकणार?

आमची दुसरी चूक चित्रमुद्रणाच्या वेळची. आम्ही मोठ्या प्रेमाने चर्च देऊ केले. आमच्या चर्चचे छत उंच, फरशी दगडी. तेथे एक स्वर सोडला की तो सावकाश विरत जातो. आदाज्यो तेथे स्वर्गीय वाटला आणि आमचे डोळे पाणावले. शिक्षिकेने मात्र फ्यूग पुन्हा वाजवावयास लावला व आम्हांला शेवटच्या बाकावर नेऊन बसवले. तेथून सगळे आवाज एकमेकांत मिसळून धूसर झाले होते आणि सुरातला बारीकसारीक उणेपणा त्या धुक्यात झाकला जात होता. परीक्षकाला हे झाकणे लगेच कळते, असे त्या म्हणाल्या. शेवटी मुद्रण शाळेच्या वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटांच्या मधोमध झाले. तेथे काहीच लपत नव्हते. तीनदा कावळ्यांनी घोटाळा केला. अखेरीस एक वादन उत्तम चालले असता सात वाजत आले आणि घंटा वाजवणारा घंटेकडे निघालेला आम्हांला दिसला. त्या दिवशी सायंप्रार्थनेची घंटा अकरा मिनिटे उशिरा झाली.

पागानिनीविषयी फार लिहिण्याजोगे नाही. १८२० साली छापलेली त्याची चोवीस काप्रिस वादकाला जे शिकवतात ते दुसरे काही शिकवू शकत नाही, आणि श्रोत्याला मात्र, निदान आम्हांला, चौथ्या मिनिटाला थकवतात. हे आमच्या कानांचे वैगुण्य असू शकेल.

सिबेलियसचा कॉन्चेर्टो ही निराळी गोष्ट. त्याचा आरंभ जवळजवळ न ऐकू येणारा आहे. वाद्यवृंदातील व्हायोलिने तार दाबून थरथरता पडदा धरतात आणि त्यावर एकल वादक आपले दीर्घ गाणे सुरू करतो. परीक्षेच्या खोलीत वाद्यवृंद नसतो. फार तर पियानो असतो, कधी तोही नसतो. मुलगी कोरड्या शांततेत उभी राहते. तो थरथरता पडदा तिने आपल्या मनात ऐकला तर पहिला स्वर त्यातून उगवतो. न ऐकला तर तो भिंतीवर खिळा ठोकावा तसा लागतो. ज्या फ्यूगमध्ये न वाजणारा आवाज ऐकावा लागतो आणि ज्या कॉन्चेर्टोत नसलेला वाद्यवृंद ऐकावा लागतो, त्या दोघांना शेजारी ठेवण्यात शिक्षिकेची निवड किती शहाणपणाची होती हे आम्हांला फार उशिरा दिसले.

या दोन्ही रचनाकारांनी परीक्षेचे कडू घोट घेतले होते, हे येथे सांगावेसे वाटते. सिबेलियसला स्वतःला श्रेष्ठ व्हायोलिनवादक व्हावयाचे होते. १८९१ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याने व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या निवडीसाठी वादन केले. तो बावरला आणि नाकारला गेला. पुढे १९०४ मध्ये हेलसिंकीत त्याच्या कॉन्चेर्टोचे पहिले वादन फसले. तो त्याने पुन्हा लिहून काढला आणि १९०५ मध्ये तो बर्लिनला वाजवला गेला. आज जगभर त्याच्यावर मुलांची परीक्षा घेतली जाते. आणि बाख? हे सोनाता ज्या वर्षी त्याने उतरवून काढले त्याच १७२० मध्ये हँबर्गच्या सेंट जेकब चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली. त्या शहरी त्याने वृद्ध राइन्केनपुढे ऑर्गन वाजवून त्याला थक्क केले. जागा मिळाली दुसऱ्याला, आणि त्या दुसऱ्याने चर्चच्या तिजोरीत चार हजार मार्क भरले. चर्चच्या इतिहासातील हे पान धर्मगुरूने झाकून ठेवू नये.

पैशाचा विषय निघालाच आहे. फिलाडेल्फियाचे कर्टिस विद्यालय १९२८ पासून शिक्षणशुल्क घेत नाही. येल विद्यापीठाच्या संगीत विद्यालयाला २००५ साली दहा कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेथेही शुल्क उरले नाही. पालकांनी हे जाणून असावे. मात्र तेथे जागा मोजक्या आणि अर्जदार साऱ्या जगाचे, हेही जाणावे. आमच्या मुलीला दोन विद्यालयांनी मुद्रणावरूनच नकार दिला. दोघांनी बोलावले. २०२४ च्या फेब्रुवारीत वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून तिला विमानात बसवले. एकाने तिला फ्यूगच्या दुसऱ्या पानावर थांबवले आणि पुढे नकार कळवला. दुसऱ्याने प्रवेश दिला, निम्मे शुल्क माफ केले. उरलेल्या निम्म्यासाठी घराने काय केले ते सांगण्याचा अधिकार त्या घराचा आहे.

ऑगस्टमध्ये निघण्याआधी तिने त्याच वाचनालयात सबंध सोनाता वाजवला. शेजारपाजारचे तीसेकजण होते. सिसिलियाना संपून ती शेवटच्या भागासाठी गज सरसावत होती, तोच तिचे वडील मागच्या रांगेतून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "बाय, हे तिकडे वाजवलंस का गं?"

"नाही पप्पा. हे कोणी विचारलंच नाही."

"मग परत वाजव."

तिने शिक्षिकेकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, आणि तिने सिसिलियाना पहिल्यापासून वाजवली.