वसवलेलं शहर आणि जिंकलेलं शहर

आज आपण बोलणार आहोत पाळीपाळीने खेळायच्या स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल. बुद्धिबळासारखी आधी आपली चाल, मग समोरच्याची. १९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’बद्दल लिहिताना ॲलन एमरिच यांनी अशा खेळांतली चार कामं सांगितली: शोधा, पसरा, वापरा, संपवा. यातल्या ‘पसरा’ आणि ‘संपवा’ या दोन कामांची किंमत गेम कशी लावतो, एवढंच आज तपासू. उदाहरण ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचं.

१९९१ च्या पहिल्या भागात शहरं जितकी जास्त, तितकी ताकद जास्त. त्यामुळे जागा दिसेल तिथे शहर, असा खेळ व्हायचा. पुढच्या भागांनी त्याला लगाम घालायचा प्रयत्न केला, आणि खरी गंमत तिथे आहे.

२००५ चा चौथा भाग घ्या. रचनाकार सोरेन जॉन्सन. इथे प्रत्येक शहराचा खर्च खजिन्यातून जातो आणि शहरांची संख्या व राजधानीपासूनचं अंतर वाढेल तसा तो वाढतो. नवं शहर आधी खातं, मग हळूहळू फेडतं. जिंकलेल्या शहराचा मात्र आणखी एक हिशेब असतो. काही पाळ्या ते बंड करून बसतं, आणि पुढेही तिथल्या लोकांची ओढ जुन्या देशाकडेच राहते. म्हणजे पसरण्याचं बिल सोन्यात आणि जिंकण्याचं बिल माणसांच्या नाराजीत. दोन कृती, दोन बिलं. हे आम्हाला फार योग्य वाटतं.

२०१० च्या पाचव्या भागाने सगळ्या साम्राज्याचा आनंद एकाच आकड्यात गोळा केला. ओसाड जमिनीवर, कुणाचंही काही न घेता शहर वसवलं तरी तो आकडा घसरतो. जिंकलेल्या शहराने जास्त घसरतो हे खरं, पण तिथे न्यायालय बांधलं की जादाची नाराजी संपली! परिणाम काय झाला? समोर मोकळी जमीन असूनही बरेच खेळाडू चार शहरांवर थांबू लागले.

२०१६ च्या सहाव्या भागाने ही भिंत पाडली. पण वसाहतीला जाणारी प्रत्येक नवी तुकडी आधीच्यापेक्षा महाग केली, आणि शहरातले विभाग बांधणंही काळाबरोबर महागत जातं. शेजाऱ्याचं शहर मात्र बांधलेल्या विभागांसकट हाती येतं. मग सैन्य पाठवणंच स्वस्त पडतं की नाही? २०१८ च्या विस्तारात ‘निष्ठा’ आली. आसपासची लोकसंख्या शहराला आपल्याकडे खेचते. कल्पना चांगली, पण एकच शहर घेतलंत तर ते फुटतं, आणि शेजारची सगळी पटापट घेतलीत तर खेचायला कुणी उरतच नाही. अर्धवट आक्रमणाला शिक्षा, पुऱ्या आक्रमणाला बक्षीस. याच विस्तारात भारताला चंद्रगुप्त हा नेता मिळाला. त्याच्या खास गुणाचं नाव ‘अर्थशास्त्र’, आणि तो गुण काय, तर भूविस्तारासाठी युद्ध पुकारण्याची मुभा.

कुणी म्हणेल, गेमच आहे, समतोल साधला की झालं. पण समतोल म्हणजे तरी काय? कोणत्या कृतीची किती किंमत, हे ठरवणंच ना? आणि ते ठरवताना गेम आपलं मत सांगून जातो.

आमच्या मते चौथा भाग यात सर्वांत सरस आहे. पण त्यातही एक भोक आहे. जुना देश नकाशावरून पुरता पुसला की त्याच्याकडची ओढही पुसली जाते. म्हणजे तिथेही शेवटी ‘संपवा’ हाच नाराजीवरचा उपाय! देश गेल्यावरही त्याच्या माणसांची आठवण काही पिढ्या टिकते, आणि तेवढं बिल जिंकणाऱ्याच्या नावावर राहायला हवं. नियम म्हणून हे अवघड नाही. तो आकडा शून्यावर न आणता सावकाश उतरू द्यायचा, बस. मग मोकळ्या जमिनीवर शहर वसवणारा खेळाडू मूर्ख ठरणार नाही, आणि शहर जिंकून घेणाऱ्याला ते सांभाळावंही लागेल.