चुंबकसुई कोणाची?

एडगर झिल्सेल यांचा ‘विज्ञानाची समाजशास्त्रीय मुळे’ (१९४२) हा निबंध कार्यकर्त्यांनी वाचावा. पण मान डोलवत नव्हे. युरोपातले विद्वान हाताच्या कामाला हीन लेखत, १६०० च्या सुमारास ही भिंत पडली आणि विज्ञान जन्मले, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे. कारागिराकडे प्रयोग होता, पद्धतशीर बौद्धिक शिक्षण नव्हते, हे मात्र खटकते. त्यांनीच पुढे आणलेला रॉबर्ट नॉर्मन पाहा. लंडनचा हा होकायंत्रे बनवणारा. लोहचुंबक घासलेल्या सुईचे टोक खाली झुकते, हे त्याने १५८१ साली पुस्तकात मांडले. टोक जड होत असेल काय? त्याने लोखंडाचे तुकडे चुंबक लावण्याआधी आणि नंतर तोलले. वजन तेच! यात पद्धतीचे काय उणे आहे? विल्यम गिल्बर्टने आपल्या चुंबकावरील ग्रंथात (१६००) त्याचे नाव तरी घेतले. आपल्या पंडितांनी कोणा लोहाराचे घेतले?

हीच खोट आपल्याकडच्या मांडणीतही आहे. जातीने हात आणि डोके तोडल्यामुळे भारतात विज्ञान खुंटले, असे प्रफुल्लचंद्र राय यांनी झिल्सेल यांच्याही आधी लिहिले. पण ‘का’ आणि ‘कसे’ विचारणारा वर्ग त्यांच्याही लेखी वरचाच. कातडे कमावणाऱ्याने चुन्याचे प्रमाण कशावरून ठरवले, हे दोघेही विचारत नाहीत.