पालकत्व आणि शासकीय परवानगी : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

वाहन चालविण्यासाठी परवाना लागतो, औषधांचे दुकान उघडण्यासाठी परवाना लागतो, वैद्यकीय व्यवसायासाठी नोंदणी करावी लागते. मात्र मूल वाढविण्यासारखी जोखमीची जबाबदारी कोणतीही परीक्षा न देता स्वीकारता येते. ही विसंगती अमेरिकन तत्त्वचिंतक ह्यू लाफॉलेट यांनी १९८० साली 'फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स' या नियतकालिकातील 'लायसन्सिंग पेरेंट्स' या लेखात मांडली. पालकत्वासाठीही शासनाने परवाना सक्तीचा करावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा विचार प्रथमदर्शनी परका आणि काल्पनिक वाटतो. परंतु महाराष्ट्राच्या कायद्यांचा इतिहास पाहिला असता, शासनाने पालकत्वाच्या दारात उभे राहण्याचा प्रयत्न येथे अनेकदा केल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात लाफॉलेट यांच्या युक्तिवादाची चिकित्सा महाराष्ट्राच्या आणि विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

लाफॉलेट यांचा युक्तिवाद

लाफॉलेट यांच्या मांडणीत तीन अटी आहेत. एखादी कृती इतरांना अपाय करू शकणारी असावी. ती सुरक्षितपणे करण्यासाठी किमान पात्रता आवश्यक असावी. आणि ती पात्रता ओळखण्याची पुरेशी विश्वसनीय पद्धत उपलब्ध असावी. या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर परवाना योग्य ठरतो. पालकत्व या अटी पूर्ण करते, असे ते म्हणतात. उत्तम पालक निवडणे हा त्यांचा हेतू नाही; मुलांचा छळ किंवा अक्षम्य हेळसांड करण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींना आधीच वगळावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. त्यांचा सर्वांत प्रभावी दाखला दत्तकविधानाचा आहे. परक्याचे मूल घेणाऱ्यांची कसून चौकशी होते आणि समाज ती योग्य मानतो. मग स्वतःचे मूल जन्माला घालणाऱ्यांना सूट का, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. घरातच मार खाणाऱ्या मुलाला आईवडिलांच्या स्वातंत्र्याचे तत्त्व सांगून काही उपयोग नसतो. म्हणून या युक्तिवादाचे उत्तर तत्त्वाइतकेच अनुभवाच्या आधारेही द्यावे लागते. परवानगी देण्याचा अधिकार हाती आल्यावर शासन नेमके काय तपासते, हे पाहणे त्यासाठी आवश्यक ठरते.

दत्तकविधान : नजराणा ते जिल्हाधिकारी

मराठेशाहीत वतनदार किंवा सरदार घराण्याला दत्तक घ्यायचा झाल्यास सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. ही परवानगी वतनाच्या वारसाहक्काशी निगडित होती. मुलाचे पालनपोषण कसे होईल, हा तिचा विषय नव्हता. १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीच्या राजवटीने अमान्य केला आणि राज्य खालसा झाले. तेथेही प्रश्न मुलाचा नव्हता, मुलखाचा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकाचे वय, नाते आणि संमती यांविषयी अटी घातल्या. परंतु जन्मदाते आईवडील स्वतः मूल दत्तक देत असतील, तर त्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी या कायद्यात आवश्यक नाही. याउलट संस्थेतील अनाथ, परित्यक्त वा स्वाधीन केलेल्या बालकाचे दत्तकविधान बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार होते. येथे इच्छुक पालकांना नोंदणी करावी लागते, समाजकार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो आणि मूल घरी आल्यानंतरही दोन वर्षे पाठपुरावा होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अहिल्यानगरमध्ये स्नेहालय संस्थेचे स्नेहांकुर केंद्र या क्षेत्रात कार्यरत आहे. अशा केंद्रातून मूल घरी नेणारे दांपत्य शब्दशः शासकीय आदेशाने आईबाप होते.

ही परवानगी योग्य आहे, यात शंका नाही. मात्र तिचे कारण लाफॉलेट सांगतात ते नाही. संस्थेतील बालक आधीच जन्मलेले असते आणि त्याची जबाबदारी समाजाने स्वीकारलेली असते. ते मूल कोणाच्या हाती सोपवावे, हे ठरविणे पालक या नात्याने शासनाचे कर्तव्यच आहे. स्वतःच्या मुलाला कोणाकडे ठेवताना आईबाप जशी चौकशी करतात, तशीच ही चौकशी असते. जन्मदात्या आईच्या बाबतीत अशी हस्तांतरणाची घटनाच घडत नाही. तिच्याकडून मूल काढून घेतले तरच ते शासनाच्या हाती येते. दत्तकविधानाचा दाखला म्हणूनच लाफॉलेट यांच्या निष्कर्षापर्यंत पोहोचत नाही.

शिवाय या चौकशीतही सहज मोजता येणाऱ्या बाबींना मोठे वजन मिळते. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतचे बालक हवे असल्यास पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही. एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ मध्येही पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ अशी मर्यादा असून जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र व दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक आहे. वय मोजता येते, विवाहाचा दाखला पाहता येतो. माया मोजण्याचे माप कोणत्याही कार्यालयात नसते.

१९३८ आणि १९७६ : दोन मार्ग

जैविक पालकत्वाच्या बाबतीत शासनाने काय करावे, याविषयी महाराष्ट्रात दोन भिन्न भूमिका घेतल्या गेल्या. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. त्यासाठीचे भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तयार केले होते. त्यांच्या अनुपस्थितीत ते अहमदनगर जिल्ह्यातून निवडून आलेले स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य प्रभाकर जनार्दन रोहम यांनी सभागृहात मांडले. ठरावाची मागणी मोजकी होती: शासनाने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. ठराव फेटाळला गेला. तथापि त्यामागील दृष्टी महत्त्वाची आहे. त्यात बाई आणि तिचे कुटुंब निर्णय घेणारे आहेत, तर शासन साधन पुरविणारे आहे.

याच्या अगदी उलट भूमिका आणीबाणीत घेतली गेली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर निर्बंध घालणारे विधेयक मंजूर केले. तीन हयात अपत्यांनंतर दांपत्यावर नसबंदीची सक्ती आणि उल्लंघनास कारावास, अशी त्यातील तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने हा कायदा अमलात आला नाही. मात्र पालक होण्याचा हक्क शासनाच्या हाती घेण्याची तयारी एका लोकनियुक्त सभागृहाने दाखविली होती, ही नोंद इतिहासात राहिली.

या दोन टोकांच्या मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची पंचसूत्री येते. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या बरोबरीने नसबंदीही तेथे गावाचा नियम म्हणून स्वीकारली गेली. गावाने स्वतः घातलेला नियम आणि शासनाने लादलेला कायदा यांत फरक आहे. तरीही ग्रामसभेच्या एकमतात घरातील सुनेचे मत कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारात घेणे आवश्यक आहे.

दोन अपत्यांची अट : मागील दाराची परवानगी

सक्ती फसल्यानंतर शासनाने अपात्रतेचा मार्ग अवलंबिला. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीस ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. २००५ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियमांनी हीच अट शासकीय नोकरीला लावली. नोकरीच्या अर्जासोबतचे 'नमुना अ' हे प्रतिज्ञापन सर्वांच्या परिचयाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात अशी अट वैध ठरविली. निवडणूक लढविणे हा मूलभूत हक्क नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

ही प्रत्यक्ष परवानगी नाही. परिणाम मात्र परवानगीसारखाच आहे. तिसऱ्या मुलाचा निर्णय घेताना सरपंचपदाचा किंवा नोकरीचा विचार करावा लागतो. २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण मिळाले. परंतु अपत्यसंख्येचा निर्णय अनेकदा जिच्या हाती नसतो, तीच त्या निर्णयापायी पदास मुकते. मुलगा हवा या हट्टापायी तिसरे बाळंतपण लादले जाते आणि अपात्रता तिच्या नावावर लागते. निर्मला बुच यांनी मध्य प्रदेशासह पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात या अटीपायी पत्नीचा त्याग, गर्भपात आणि मूल नाकारणे असे प्रकार नोंदविले गेले. पुढे हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि हरियाणा या राज्यांनी ही अट मागे घेतली. आंध्र प्रदेशानेही २०२४ साली ती रद्द केली.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले ओडिशातील प्रकरण या संदर्भात बोलके आहे. एका आदिवासी सरपंचाने अपत्य दत्तक दिल्याने आपण पात्र ठरतो, असा दावा केला होता. जन्म दिलेल्या अपत्यांची संख्या महत्त्वाची, दत्तक दिल्याने अपात्रता जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे. परंतु पद वाचविण्यासाठी मूल दुसऱ्याच्या ओटीत घालण्याचा विचार एखाद्याच्या मनात यावा, यातच अशा अटींचे अपयश दिसते. मुलाचे हित साधण्यासाठी पात्रता तपासावी, असे लाफॉलेट म्हणतात. येथे पात्रतेच्या अटीने मुलालाच अडथळा ठरविले.

परीक्षेची विश्वसनीयता आणि ऊसतोडीचा फड

लाफॉलेट यांची तिसरी अट, म्हणजे विश्वसनीय परीक्षा, अहिल्यानगर जिल्ह्यातच तपासून पाहता येते. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची स्थलांतरे सुरू होतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता' म्हणतात. उचल फेडण्यासाठी ही जोडी हंगामभर कारखान्याच्या परिसरात कोपीत राहते. तान्हे मूल फडाच्या बांधावर असते आणि मोठ्या भावंडाची शाळा सुटते. पालकत्वाची परीक्षा घेणारा अधिकारी येथे आला तर तो काय लिहील? निश्चित निवास नाही, स्वच्छतागृह नाही, बालकावर लक्ष ठेवण्यास प्रौढ व्यक्ती नाही. कागदावरचे प्रत्येक उत्तर खरे असेल आणि निष्कर्ष मात्र अन्यायकारक असेल. कारण त्या अहवालात आईची परीक्षा होत नाही, तिच्या दारिद्र्याची होते. उलट पक्क्या घरात, बंद दाराआड मुलाला मारणारा सुशिक्षित बाप याच परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल.

वाहनचालकाच्या परीक्षेत चूक झाली तर परवाना लांबतो. पालकत्वाच्या परीक्षेत चूक झाली तर मूलच हिरावले जाते किंवा जन्माला येत नाही. लाफॉलेट चुकांची शक्यता मान्य करतात, पण त्यांचे ओझे कोणावर पडेल याचा पुरेसा विचार करीत नाहीत. हे ओझे दरवेळी शासनाच्या दारात उभे राहावे लागणाऱ्यांवरच पडते. वतनदाराची विधवा, दत्तकासाठी रांगेत असलेले निपुत्रिक दांपत्य, पंचायतीची उमेदवार, नोकरीचा अर्जदार हे सर्व पकडीत येतात. ज्यांना शासनाकडे काही मागायचे नसते ते सुटतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पालकत्वाच्या परवानगीचा अधिकार जेव्हा जेव्हा शासनाकडे आला, तेव्हा त्याने प्रामुख्याने संख्या, वय, वारसा आणि दाखले तपासले. मुलाचे हित हा त्या परवानगीचा खरा आधार केवळ तेथेच ठरला, जेथे मूल आधीच समाजाच्या ओटीत होते. म्हणून दत्तकविधानातील चौकशी समर्थनीय आहे. जन्मदात्या पालकांना परवाना लावणे नाही.

तरीही लाफॉलेट यांचा मूळ प्रश्न उरतोच: अपाय झाल्यावर धावणारी बालकल्याण समिती उशिरा पोहोचते, मग आधी काय करावे? याचे उत्तरही महाराष्ट्रातच सापडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. ही भेटही शासनाने घराच्या दारावर दिलेली थाप आहे, पण तीत शिक्का नाही, नापासाचा शेरा नाही. १९३८ साली या जिल्ह्याच्या प्रतिनिधीने मांडलेल्या ठरावाचा आशय याच्या जवळ जाणारा आहे. पाथर्डीच्या कोपीतील आईला परवान्याची गरज नाही. फडाजवळ पाळणाघर, आरोग्यसेवा आणि मूल केव्हा व्हावे हे स्वतः ठरविण्याचे साधन यांची आहे. ते पुरविण्यापूर्वी तिची पात्रता विचारण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोहोचत नाही.