कळा इंग्रजीच्या, पत्र मराठीत

नोकिया ई७१ आणि ब्लॅकबेरी बोल्ड ९००० हे दोन्ही फोन २००८ सालचे. दोन्ही कचेरीतल्या माणसांसाठी बनवलेले, दोन्हींच्या पडद्याखाली टंकलेखनयंत्रासारखा पूर्ण कळफलक आणि दोन्हींचा मुख्य दावा एकच : ई-मेल खिशात. आज ते दुकानात नवे मिळत नाहीत. तरी 'कळांचे फोन बरे होते' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य किती हे तपासण्यासारखे आहे. त्या काळच्या परीक्षणांत जाडी, कॅमेरा आणि बॅटरी यांची तुलना भरपूर झाली. परभणीतल्या ग्राहकाने आधी विचारावा असा प्रश्न, म्हणजे यावर मराठी पत्र लिहिता येईल का, तो मात्र आमच्या वाचनात आला नाही.

प्रथम कळांविषयी. ई७१ ची रुंदी ५७ मिलिमीटर, बोल्डची ६६. एका ओळीत दहा अक्षरे बसवायची म्हणजे एका कळेच्या वाट्याला अनुक्रमे साडेपाच आणि साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जागा येते. संगणकाच्या कळफलकावर शेजारच्या दोन कळांच्या मध्यांमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. इतक्या दाटीतही अंगठा चुकत नाही याचे श्रेय कळेखालच्या लहानशा घुमटाला द्यावे लागेल. पातळ पत्र्याचा हा घुमट काही मर्यादेपर्यंत दाबाला विरोध करतो आणि मग एकाएकी आत बसतो. तो धक्का अंगठ्याला जाणवतो. अक्षर उमटले हे पाहायला डोळ्यांची गरज उरत नाही. स्पर्शपटलाची काच दाब मोजत नाही. बोट जवळ आल्याने विद्युतधारितेत जो बदल होतो, तो ती मोजते. घामाच्या थेंबानेही ती धारिता बदलते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना इथल्या कृषी विद्यापीठाच्या शिवारात उभे राहून नोंदी करून पाहा, म्हणजे फरक कळेल. कळेला घामाचे काही वाटत नाही. या कसोटीवर बोल्ड सरस. ई७१ अवघा १० मिलिमीटर जाड, खिशाला हलका. पण जाड अंगठ्याच्या माणसाची त्यावर ओढाताण होते. पडद्यावरचे बिंदूही बोल्डचे दुप्पट : ४८० गुणिले ३२०, तर ई७१ चे ३२० गुणिले २४०.

ई-मेलच्या बाबतीत आमचा कौल उलटा आहे. साध्या व्यवस्थेत फोन ठराविक वेळाने पत्रपेटी उघडून पाहतो. बहुतेक वेळा पेटी रिकामी असते आणि त्या हेलपाट्यात बॅटरी खर्च होते. ब्लॅकबेरीने पोस्टात चकरा मारण्याऐवजी पोस्टमनच ठेवला. कंपनीचे मध्यस्थ संगणक पेटीवर लक्ष ठेवत आणि पत्र आले की ते आकसून फोनकडे ढकलत. युक्ती सुंदर होती. पण त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागे, आणि सगळी मदार परदेशातल्या त्या मध्यस्थावर असे. सांकेतिक रूपातले हे संदेश तपासयंत्रणांना वाचता येत नाहीत म्हणून भारत सरकारने २०१० मध्ये कंपनीला ३१ ऑगस्टची मुदत घातली होती, हे काही वाचकांना आठवत असेल. ई७१ मध्ये कचेरीच्या एक्स्चेंज व्यवस्थेतली पत्रे मध्यस्थाविना थेट येत, इतर पेट्या वेळापत्रकाने तपासल्या जात. व्यवस्था कमी चलाख, पण मालकाच्या हातातली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा थांबवल्या. तेव्हापासून त्यांवर साध्या कॉलचाही भरवसा राहिला नाही. ई७१ वर टूजी असेल तिथे बोलता येते. मात्र केवळ नाव आणि पासवर्ड देऊन आत येणाऱ्या जुन्या उपकरणांना गूगलने ३० मे २०२२ पासून घरगुती खात्यांचे दार लावून घेतले, त्यामुळे त्याचाही टपालाशी संबंध जवळजवळ तुटला. घुमट शाबूत आहे, पडदा शाबूत आहे, पत्र मात्र येत नाही.

आता मराठीचा प्रश्न. दोन्ही फोनांच्या कळांवर रोमन अक्षरे २६. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. त्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. 'के' या कळेवर क, शिफ्टसह ख. 'आय'वर ग आणि घ. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टने. वर्णमाला शिकवणाऱ्याला ही मांडणी सांगावी लागत नाही. पण देवनागरीचा संसार २६ कळांत मावत नाही. च, ट, ड, य ही व्यंजने इन्स्क्रिप्टमध्ये विरामचिन्हांच्या कळांवर आहेत. छ, ठ, ढ त्याच कळांवर शिफ्टसह, आणि ष स्वल्पविरामावर शिफ्टसह.

हा प्रयोग वर्गात करता येईल. शाळेच्या संगणकावर इन्स्क्रिप्ट चालू करावे, २६ अक्षरकळा आणि शिफ्ट एवढेच वापरायचे असा नियम घालावा, आणि परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे लिहायला सांगावीत. परभणी, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा ही सात नावे बिनचूक उमटतील. गंगाखेड 'ड'पाशी अडेल, सोनपेठ 'ठ'पाशी. 'शाळा' लिहिता येईल. तिच्यात 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' मात्र आणता येणार नाहीत!

राहिलेली अक्षरे आणखी एक कळ सोबत दाबून बसवता आली असती, अंक तसेच बसवले होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण मग साडेपाच मिलिमीटरच्या कळेवर रोमन अक्षर, अंक आणि दोन देवनागरी अक्षरे अशा चार खुणा छापाव्या लागतील. शिवाय तमिळसाठी वेगळ्या कळा, बंगालीसाठी वेगळ्या. काचेवर कळ हे नुसते चित्र असते, लिपी बदलली की चित्र बदलते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक पाहावा : व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्याची बाराखडी उमलते. छापील कळेला हे कधीच जमले नसते.

याची किंमत म्हणजे नजर काचेवरून हलवता येत नाही. त्याहून मोठी किंमत मुले देत आहेत, असे आम्हांला वाटते. त्यांतली पुष्कळजण रोमन अक्षरांत शब्द लिहितात आणि यंत्र सुचवील ते मराठी रूप उचलतात. रोमनमध्ये न आणि ण यांना एकच अक्षर, ल आणि ळ यांनाही एकच. निवड यंत्र करते. इन्स्क्रिप्टवर ल आणि ळ एकाच कळेवर असले तरी शिफ्ट दाबायची की नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून लांब मजकूर आम्ही अजूनही संगणकाच्या कळफलकावर इन्स्क्रिप्टनेच लिहितो, आणि फोनवर स्वरचक्राने.