इब्राहिम अल्काझी : रंगमंच, अध्यापन आणि समाज

प्रस्तावना

इब्राहिम अल्काझी (१९२५-२०२०) यांची ओळख बहुधा 'अंधा युग' आणि 'तुघलक' या भव्य प्रयोगांचे दिग्दर्शक अशी करून दिली जाते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. त्यांच्या कार्याचा अधिक टिकाऊ भाग अध्यापनात आढळतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा या अंगाने विचार केला असून त्यांच्यावरील एका प्रमुख आक्षेपाचीही तपासणी केली आहे.

जडणघडण

अल्काझी यांचा जन्म पुण्यात एका अरब व्यापारी कुटुंबात झाला. घरात अरबी, शाळेत इंग्रजी आणि गावात मराठी अशा वातावरणात ते वाढले. फाळणीनंतर कुटुंबातील इतर मंडळी पाकिस्तानात गेली. अल्काझी भारतातच राहिले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व १९५४ मध्ये त्यांनी 'थिएटर युनिट' ही संस्था सुरू केली. घराच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' नावाचा रंगमंच उभारला. प्रयोग प्रामुख्याने इंग्रजीतून होत असल्याने प्रेक्षकवर्ग मर्यादित होता. मात्र तालमीला प्रशिक्षणाची जोड होती. विजया मेहता यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय

१९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. तेथे त्यांनी तीन वर्षांचा शिस्तबद्ध अभ्यासक्रम रुजवला. अभिनय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा हेही शिकावे लागे. रवींद्र भवनाच्या आवारातील 'मेघदूत' हा खुला रंगमंच विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभा राहिला. हाताने काम करणे हलके नव्हे, हा संस्कार त्यामागे होता. १९६४ मध्ये विद्यालयाचे व्यावसायिक रंगमंडळ सुरू झाल्याने शिक्षण आणि व्यवसाय यांच्यात दुवा निर्माण झाला.

'अंधा युग' (१९६३) फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत आणि 'तुघलक' (१९७४) दिल्लीच्या पुराना किल्ल्यात सादर झाले. महायुद्धानंतरचे हस्तिनापूर दाखवण्यासाठी पडझड झालेल्या भिंती पुरेशा होत्या, तेथे रंगवलेल्या पडद्याची गरज उरली नाही. राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या सुलतानाची शोकांतिका किल्ल्याच्या दगडी विस्तारात अधिक बोलकी झाली. जागा हीदेखील नाटकाचा अर्थ घडवते, हा धडा या प्रयोगांनी दिला.

आक्षेप आणि त्याची मर्यादा

अल्काझी यांनी पाश्चात्त्य शिस्त आणली, पण लोकपरंपरेकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. हबीब तनवीर हेही लंडनच्या त्याच संस्थेत शिकले. परंतु त्यांनी छत्तीसगढच्या ग्रामीण कलावंतांना, त्यांच्याच बोलीसह, रंगमंचाच्या मध्यभागी आणले. समाजाशी असे थेट नाते अल्काझींच्या प्रयोगांत दिसत नाही.

तथापि शिक्षकाचे मोजमाप केवळ त्याच्या स्वतःच्या कृतींवरून करता येत नाही. त्यांचे विद्यार्थी रतन थिय्याम यांनी १९७६ मध्ये इंफाळला 'कोरस रेपर्टरी थिएटर' स्थापन करून मणिपुरी परंपरेतून नवे नाटक घडवले. बन्सी कौल यांनी भोपाळच्या 'रंगविदूषक' संस्थेद्वारे आखाडा, कसरत व विदूषक यांना रंगभाषेत स्थान दिले. गुरूंच्या कामात जे उणे होते, ते शिष्यांनी आपापल्या भूमीत भरून काढले. त्यासाठी लागणारी शिस्त मात्र गुरूंकडूनच घेतली.

आदिलाबादच्या संदर्भात

आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या भाषा शेजारी नांदतात. दिवाळीच्या सुमारास गोंड समाजाची दंडारी पथके गावोगाव फिरतात. मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी नाचतात. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात नाटक हे स्नेहसंमेलनापुरते आठ दिवसांचे काम मानले गेले, तर विद्यार्थ्याला टाळ्या मिळतात, शिक्षण मिळत नाही. अल्काझींची भव्यता येथे आणता येणार नाही. त्यांची पद्धत मात्र आणता येईल. वर्षभराची तालीम, संहितेचे बारकाईने वाचन, प्रत्येकाला पडद्यामागचे काम आणि महाविद्यालयाच्या आवारातील झाड किंवा पडकी भिंत हाच रंगमंच, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्याला तनवीरांचा प्रश्नही जोडावा लागेल : विद्यार्थी घरी जी भाषा बोलतो, तिला या रंगमंचावर जागा आहे काय?

समारोप

अल्काझींचे प्रयोग आता छायाचित्रांत आणि आठवणींत उरले आहेत. त्यांचे अध्यापन शिष्यांच्या कामातून पुढे गेले. भाषिकदृष्ट्या संमिश्र जिल्ह्यातील अध्यापकांसाठी त्यांच्या कारकिर्दीचा हाच भाग अधिक उपयोगाचा आहे.