‘क्लीव्ह’ : एक रूप, दोन क्रियापदे

इंग्रजीतील ‘क्लीव्ह’ हे क्रियापद आज दैनंदिन बोलण्यात क्वचितच आढळते. मात्र परस्परविरोधी अर्थ असणाऱ्या शब्दांच्या यादीत त्याला हमखास स्थान मिळते. ‘चिरणे, दुभंगणे’ आणि ‘चिकटणे, जडून राहणे’ असे त्याचे दोन अर्थ होत. अशा याद्यांमुळे एकाच शब्दाला दोन विरुद्ध अर्थ फुटले, असा समज रूढ होतो. प्रस्तुत टिपणात या समजाची चिकित्सा केली आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा एक शब्द नाहीच. प्राचीन इंग्रजीत ‘क्लेओफान’ (चिरणे) आणि ‘क्लिफिअन’ (चिकटणे) ही दोन स्वतंत्र क्रियापदे होती. पुढे ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात त्यांची रूपे एक झाली. भगिनीभाषा असलेल्या जर्मनमध्ये ‘क्लीबन’ आणि ‘क्लेबन’ असा भेद टिकून आहे.

रूपे एक झाली तरी वाक्यरचनेने भेद सांभाळला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन्ही प्रयोग आढळतात. ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात पती पत्नीशी जडून राहतो, तर बाविसाव्या अध्यायात अब्राहाम लाकडे फोडतो. पहिल्या ठिकाणी क्रियापद अकर्मक असून त्यास संबंधदर्शक अव्ययाची जोड आहे. दुसऱ्या ठिकाणी ते सकर्मक आहे. त्यामुळे अर्थाचा घोटाळा होत नाही. ‘चिरणे’ हाच अर्थ पुढे खनिजशास्त्रातील ‘क्लीव्हेज’ म्हणजे ‘पाटन’ या संज्ञेत स्थिरावला.

मराठीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘वाढणे’ म्हणजे वृद्धिंगत होणे. तथापि बांगडी ‘वाढते’ तेव्हा ती फुटलेली असते, आणि देवापुढे नारळ ‘वाढवतात’ म्हणजे फोडतात. येथे शब्द खरोखर एकच आहे. अशुभाचा उच्चार टाळण्याच्या लोकसंकेतातून त्याला विरुद्ध अर्थ प्राप्त झाला. ‘क्लीव्ह’मध्ये दोन शब्द योगायोगाने एकरूप झाले, ‘वाढणे’मध्ये एका शब्दाला संस्कृतीने दुसरा अर्थ दिला.

दोन्ही उदाहरणे एकाच यादीत बसवली की हा भेद पुसला जातो आणि विद्यार्थ्याच्या हाती केवळ भाषेची गंमत उरते. प्रमाण इंग्रजी शब्दकोश ‘क्लीव्ह’च्या दोन स्वतंत्र नोंदी देतात. अध्यापनात यादीऐवजी या नोंदींपासून आरंभ केल्यास शब्दार्थाबरोबरच शब्दाचा इतिहासही विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.